आधी कागद, मग दलाल

गावाकडचं घर विकायचं ठरलं की हल्ली पहिला वाद ठरलेला असतो. चाकण-भोसरीकडं स्थिरावलेला मुलगा म्हणतो, ॲपवर टाकू, चार फोटो काढले की झालं. गावात राहिलेले वडील म्हणतात, तालुक्याला ऑफिस टाकलेला आपला ओळखीचा एजंट आहे, त्याला सांगू. फोनवर अर्धा तास वाजतं. त्या अर्ध्या तासात घर कुणाच्या नावावर आहे, हे कुणीच विचारत नाही. दोघंही चुकतात ते इथं.

बीड जिल्ह्यात हा प्रश्न घरोघरचा आहे. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. सांगली, कोल्हापूर, सातारा, बारामती, थेट कर्नाटकापर्यंत. मागं गावात कुलपं आणि म्हातारीकोतारी राहतात. ज्यांची पोरं शिकली आणि पुण्याला कंपनीत लागली, त्यांची कुलपं बारमाही. दर पावसाळ्यात माळवद गळतं, भिंत पोट काढते, आणि एक दिवस ठरतं : विकून टाकू. यात गैर काही नाही. घर पडून मातीत जाण्यापेक्षा दुसऱ्याचं नांदलेलं बरं. पण विकताना मालक लुबाडला जातो, हे मात्र बरं नाही. या आठवड्याचं लिहिणं त्यासाठी.

मुळापासून घेऊ. शेताला सातबारा असतो, गावठाणातल्या घराला नसतो. घराला असतो ग्रामपंचायतीचा नमुना आठ. घरपट्टी कुणाकडून वसूल करायची, याची ती नोंदवही. करआकारणीची नोंद म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे, हे न्यायालयांनी वारंवार सांगितलं आहे. तरी आपल्याकडं घरांचे सौदे याच उताऱ्यावर होतात. उताऱ्यावर नाव आजोबांचं. आजोबा जाऊन वीस वर्षं झाली. मागं दोन मुलगे, तीन मुली. त्यातला एक मुलगा वारलेला, त्याची बायको-पोरं वेगळी राहतात. सात-आठ जणांच्या सह्यांचं घर, आणि विकायला निघालेला एकटा! असं घर ॲपवर टाकलं काय आणि एजंटाला दाखवलं काय, शहाणं गिऱ्हाईक पळून जातं. राहतो तो धूर्त. त्याला अडचणीतलंच घर हवं असतं, कारण अडचणीचा भाव पाडून मिळतो.

आता ॲपवाल्यांचं बघू. 99 एकर्स 2005 ला सुरू झालं, मॅजिकब्रिक्स 2006 ला, नोब्रोकर 2014 ला बंगळुरूत. सगळ्यांचा धंदा मोठ्या शहरांतल्या फ्लॅटवर उभा राहिला. त्यांचा फॉर्म विचारतो : किती बीएचके, कितवा मजला, सोसायटीचं नाव काय, पार्किंग आहे का. आपल्या घराला दगड-मातीच्या दोन हात रुंद भिंती, वर माळवद, पुढं ओसरी, मागं परसात गोठा. यातलं काय कुठल्या रकान्यात भरणार? फ्लॅट विकताना ओळख ना पाळख अशी हजार माणसं एकाच वेळी शोधत असतात, म्हणून तिथं ॲप चालतं. गावठाणातल्या घराचं गिऱ्हाईक हाकेच्या अंतरावर असतं. भिंतीला भिंत लावून राहणारा शेजारी, पोराचं लग्न ठरल्यामुळं खोल्या वाढवायच्या असलेला भावकीतला कुणी, वस्तीवरून गावात राहायला येऊ पाहणारा शेतकरी, निवृत्त होऊन परतलेला जवान. ही माणसं ॲप उघडून घर शोधत बसत नाहीत. त्यांना बातमी लागते हॉटेलात चहा पिताना, नाहीतर गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर.

ॲपच्या पॅकेजचे पैसे आधी भरू नका, हेही सांगून ठेवतो. ब्रिटनचं उदाहरण ताजं आहे. पर्पलब्रिक्स नावाच्या ऑनलाइन कंपनीनं टक्केवारीची दलाली मोडीत काढू म्हणून ठरावीक रकमेत घर विकून द्यायचा धंदा मांडला. घर विकलं जावो न जावो, फी द्यायचीच. 2017 च्या सुमारास शेअर बाजारात तिची किंमत अब्ज पौंडांवर गेली होती. 2023 मध्ये ती प्रतिस्पर्धी कंपनीला एका पौंडात विकली गेली. फी आधी मिळाली की विकून द्यायची तळमळ कमी होते, हा त्यातला धडा.

आणि तिथला ऑनलाइन की एजंट हा वाद आपल्याला जसाच्या तसा लागू पडत नाही, याचं कारण आणखी खोल आहे. इंग्लंडात 1862 पासून जमीन नोंदणीचं सरकारी खातं आहे, आणि त्याच्या नोंदीत ज्याचं नाव त्याच्या मालकीची हमी सरकार घेतं. आपल्याकडं दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो, मालकीची हमी कुणी घेत नाही. त्यांचा कागद साफ असतो, म्हणून त्यांना दलाल कुठला हा प्रश्न पडतो. आपला कागद साफ नसताना आपण त्यांचा प्रश्न उसना आणतो.

मग तालुक्याचा एजंट बरा का? त्याचं लक्ष आहे रस्त्याकडेच्या एनए प्लॉटवर. 17 सप्टेंबर 2025 ला बीडहून अहिल्यानगरची रेल्वे सुरू झाली. कित्येक पिढ्यांनी जिची वाट पाहिली ती गाडी आली, याचा आनंद मोठा आहे. पण गाडीबरोबर प्लॉटिंगच्या पाट्याही आल्या. दिवसाला चार प्लॉट दाखवणारा माणूस धारूरच्या डोंगरातल्या माळवदाच्या घरासाठी खेटे कशाला घालील? दलाली पडते टक्का-दोन टक्के. समजा घर 8 लाखांचं. दोन टक्क्यांनी त्याला 16 हजार मिळतात. तेवढ्यात त्याचं भागत नाही. मग तो म्हणतो, “मामा, तुम्हाला हातात सहा लाख देतो. वरचं माझं मी बघतो.” मामांना बरं वाटतं, दलाली वाचली! घेणाऱ्याकडून तो आठ घेतो. 16 हजारांच्या जागी 2 लाख, म्हणजे घराची चौथाई गेली आणि मालकाला पत्ताही नाही. “हातात एवढे” हे शब्द ऐकले की त्या माणसाला चहा पाजा आणि वाटेला लावा.

त्याच्या ऑफिसात महारेराचं प्रमाणपत्र टांगलेलं असलं तरी हुरळू नका. 2016 चा रेरा कायदा एजंटाला नोंदणी सक्तीची करतो ती नोंदणीकृत प्रकल्पांतल्या विक्रीसाठी. प्रमाणपत्र खरं असेल, माणूसही सचोटीचा असेल. पण तुमच्या आजोबांनी बांधलेलं घर कुठल्या प्रकल्पात मोडत नाही. तिथं तो फसवेल, तर महारेराच्या दारात तुमची दाद लागायची नाही. पोलीस ठाणं आणि दिवाणी कोर्ट, एवढंच उरतं. आणि दिवाणी दावा म्हणजे पुढच्या पिढीच्या गळ्यात बांधलेला दगड.

राहिला गावातला मध्यस्थ. पाटी नाही, ऑफिस नाही. कुणाच्या घरात किती खोल्या कमी पडतात आणि कुणाच्या खात्यात कालच बिल जमा झालं, हे त्याला पाठ असतं. गावठाणातलं घर विकून द्यायची खरी ताकद त्याच्याकडंच आहे. पण एक गोष्ट तपासा : हा माणूस व्याजानं पैसे देतो का? देत असेल तर दूर राहा. कारण मग घर विकायचं नसतानाही विकलं जातं. मुलीच्या लग्नाला, दवाखान्याला लाख-दोन लाख उचलले की तो म्हणतो, “खरेदीखत नाममात्र करू, पैसे फेडले की पलटून देतो.” ते कधी पलटत नाही. अशा सावकारीत बळकावलेली स्थावर मिळकत परत देण्याचा अधिकार 2014 च्या महाराष्ट्र सावकारी कायद्यानं जिल्हा निबंधकाला, म्हणजे सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाला दिला आहे. ज्यांचं घर असं गेलंय त्यांनी बीडच्या त्या कार्यालयात अर्ज करावाच. मात्र ज्यांचं अजून गेलं नाही, त्यांनी कोऱ्या स्टॅम्पवर सही करू नये. एवढं केलं तर अर्जाची वेळच येणार नाही.

तर माझा कौल स्पष्ट आहे. गावठाणातलं घर गावातल्या मध्यस्थामार्फत विका. दलाली आधी ठरवा, टक्क्यात ठरवा, कागदावर ठरवा. घेणाऱ्याची भेट स्वतः घ्या आणि भाव समोरासमोर बोला. मोबाइल वापरा तो बातमी पसरवायला : गावचा ग्रुप, भावकीचा ग्रुप, पुण्यातल्या गावकऱ्यांचा ग्रुप. दुसरं गिऱ्हाईक आलं की पहिल्याचा आवाज आपोआप उतरतो. तालुक्याच्या एजंटाकडं जा, पण घर डांबरी रस्त्याला किंवा बाजारपेठेला लागून असेल तरच. आणि मुखत्यारपत्र या तिघांपैकी कुणालाही देऊ नका. पुण्याहून बीडला यायला एक रजा जाते. मुखत्यारपत्रानं घर जातं.

भाव कळायचा कसा? दलालाला विचारून नव्हे. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च आहे. तिथं तुमच्या गावातले जुने दस्त शोधता येतात. दस्ताच्या सूची दोनमध्ये मोबदल्याची रक्कम आणि बाजारभाव, दोन्ही छापलेले असतात. शेजारच्या आळीतलं घर गेल्या वर्षी कितीला गेलं, हे तिथं दिसतं. सरकारी मूल्यदरही तिथंच. दस्तात रक्कम कमी दाखवण्याची खोड आपल्याकडं आहे, हे धरून वाचा. तरी निदान याखाली जायचं नाही, ही रेघ हातात येते. पुण्यातल्या पोरानं ॲपवर फोटो टाकण्याऐवजी तासभर इथं बसावं.

भाव वाढवणारी दुसरी गोष्ट दलालाच्या डोळ्यांत असते, तोंडात नसते. ती म्हणजे लाकूड. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपानंतर दगड-मातीच्या घरांची मराठवाड्यानं धास्ती घेतली. तेव्हापासून जुनं घर म्हणजे पाडायचं घर, असा हिशेब पक्का झाला. घर बघायला आलेला माणूस ओसरीवर उभा राहून म्हणतो, “पाडूनच घ्यावं लागतंय, जागेचे तेवढे धरा.” पण त्याच्याबरोबर एक गप्प माणूस आलेला असतो. तो घरातून फिरतो, खांबाला हात लावतो, तुळईच्या टोकाला चाकूनं बारीक ओरखडा काढतो, आतला रंग बघतो, बोट फिरवतो. मग बाहेर येऊन नुसती मान हलवतो. तो लाकडाचा व्यापारी. सागाच्या तुळया, कोरीव चौकट, घडीव दगड, जोत्याच्या फरश्या यांना शहरात मोल आहे. ते मोल जागेच्या भावात फुकट जातं. म्हणून लाकूडफाटा आणि दगडाचा भाव आधी वेगळा काढून घ्या. दोन व्यापाऱ्यांना बोलवा. घरासकट विकायचं तर त्या रकमेसकट विका.

तिसरी गोष्ट सगळ्यांत मोठी. कागद साफ असला की गिऱ्हाईकांची जात बदलते. ज्याच्या गाठीला रोकड आहे तोच आज तुमचं घर घेऊ शकतो, आणि रोकडवाला नेहमी भाव पाडतो. बँकेचं कर्ज काढून घेणारा शिक्षक, जवान, अंगणवाडी सेविका पूर्ण भाव देऊ शकतात. पण बँक नमुना आठावर भुलत नाही. केंद्रानं 24 एप्रिल 2020 ला स्वामित्व योजना जाहीर केली ती यासाठीच. सर्व्हे ऑफ इंडियाचे ड्रोन गावठाणांवरून फिरले, त्यावरून नकाशे झाले, चौकशी होऊन भूमी अभिलेख खातं मिळकत पत्रिका आणि सनद देतं. तुमच्या गावची पत्रिका झाली असेल तर आधी ती काढा. नाव कुणाचं लागलंय, क्षेत्र किती, बोळ कुणाच्या बाजूला दाखवलाय, ते बघा. चूक असेल तर घर विकायच्या आधी दुरुस्त करा. जागा गायरानातली असेल तर ती विकताच येत नाही. मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. देवस्थानाच्या, खिदमतमाशच्या इनामी जमिनी आपल्याकडं जागोजाग आहेत. घर त्यावर बांधलेलं असेल, तर ते वकिलाला दाखवल्याशिवाय इसाराचा रुपयाही घेऊ नका.

आता बहिणींचं. घर विकायचं ठरलं की भाऊ बहिणीकडं जातो. एरवी दोन वर्षं न आलेला. साडी नेतो, पेढे नेतो, आणि पिशवीतून हक्कसोडपत्र काढतो. बहीण विचारते, “दादा, हे काय?” दादा म्हणतो, “काही नाही गं, वाटणीचं आहे, इथं अंगठा कर.” हे बंद झालं पाहिजे. महाराष्ट्रानं 1994 लाच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला. 2005 मध्ये देशाच्या कायद्यात तो आला. त्याच दुरुस्तीनं हिंदू वारसा कायद्याचं कलम 23 काढून टाकलं. भाऊ वाटणी करत नाहीत तोवर राहत्या घरात मुलीनं वाटा मागायचा नाही, असं ते कलम सांगत होतं. म्हणजे नेमकं घरच मुलींपासून राखून ठेवलं होतं, आणि ते दार उघडून वीस वर्षं झाली. 2020 मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हा हक्क जन्मापासूनचा असल्याचं पक्कं केलं. बहिणीला सोडायचा असेल तर तिनं समजून-उमजून सोडावा. नसेल सोडायचा तर तिचा वाटा तिच्या खात्यावर जावा. ऊसतोडीच्या फडात बायको आणि नवरा मिळून एक कोयता धरला जातो. दोघांच्या घामाचा हिशेब एकत्र होतो. मग वाट्याच्या वेळी बाईचं नाव गळतं कसं? ज्या सौद्यात बहिणीची सही फसवून घेतली आहे, तो सौदा मोडायचा कायदेशीर रस्ता तिच्यासाठी उघडा असतो. हे गिऱ्हाईकालाही कळतं, आणि भाव तिथंच पडतो. न्याय आणि व्यवहार, दोन्ही इथं एकाच बाजूला आहेत.

शेवटचा टप्पा दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातला. खरा घात तिथं होतो. भिंतीला टेकून माणसं बसलेली. नाव पुकारलं की आत जायचं, कॅमेऱ्याकडं बघायचं, मशीनवर अंगठा ठेवायचा. कोयत्यानं घासून गेलेले ठसे मशीन पटकन घेत नाही. कारकून बोट पुसायला सांगतो, पुन्हा ठेवायला सांगतो. मग प्रश्न येतो, “पैसे पोचले का?” घेणारा मागून खांद्यावर हात ठेवतो, “हो म्हणा मामा, संध्याकाळी देतोच की.” आणि मामा हो म्हणतात. तिथं घर गेलं! 2020 मध्येच दहिबेन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे की, पैसे पूर्ण मिळाले नाहीत एवढ्या कारणावरून नोंदलेलं खरेदीखत रद्द होत नाही. पैशासाठी वेगळा दावा लावा, घर परत मिळायचं नाही. म्हणून खात्यावर रक्कम जमा झाल्याचा मेसेज बघितल्याशिवाय अंगठा उचलून मशीनकडं नेऊ नका. रोखीचा आग्रह धरला तर उठा. स्थावराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रोकड स्वीकारायला 1 जून 2015 पासून बंदी आहे आणि दंड तेवढ्याच रकमेचा, तोही घेणाऱ्याला, म्हणजे विकणाऱ्या तुम्हाला. बॉण्डवर नुसती नोटरी करून घर विकणाऱ्यांनाही एक सांगणं : 100 रुपये आणि त्यावरच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानंच होते, हा कायदा 1882 चा आहे. नोटरीच्या शिक्क्यानं घर ना विकलं जातं, ना घेतलं जातं.

एवढं सगळं विकणाऱ्यानं एकट्यानं करायचं, हे मला मान्य नाही. जिल्हा प्रशासनाकडं तीन मागण्या आहेत. पहिली, मिळकत पत्रिकेची चौकशी, दुरुस्ती आणि सनदवाटपाची शिबिरं साखर कारखान्यांचा पट्टा पडल्यावर आणि दसऱ्याच्या आत घ्या. डिसेंबरात शिबिर लावून गैरहजर मालकाच्या घरावर शेरा मारणं, हा त्या माणसावर अन्याय आहे. तो फडात आहे, फरार नाही. दुसरी, गावात वर्षभरात नोंदलेल्या घरविक्रीच्या रकमा सूची दोनमधून काढून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. सगळ्या गावाला भाव कळला की “हातात एवढे” म्हणणाऱ्याचं दुकान बसेल. तिसरी, वारसनोंद आणि हक्कसोडपत्राच्या वेळी बहिणीला स्वतंत्र बसवून, भाऊ समोर नसताना, काय सोडते आहेस ते वाचून दाखवा. यातल्या कशालाही नवं खातं लागत नाही, नवं बजेट लागत नाही. लागते ती तारीख आणि इच्छा.

तोवर ज्यांना विकायचंय त्यांनी या आठवड्यात एकच काम करावं : उताऱ्यावर कुणाचं नाव आहे ते जाऊन बघावं. मालकाच्या हातात साफ कागद दिसला की दलाल ॲपवरचा असो, तालुक्याचा असो की गावातला, सरळ आकडा बोलतो.